गोठ्यात कोण गेलं होतं

आमच्या घरात सगळेच मारके होते. त्यातल्या त्यात गाय बरी, कारण ती शिंग उगारायच्या आधी मान हलवून सांगायची तरी. आईचा हात कधी उठेल याचा नेम नव्हता. भाकरी करपली, कळशी लवंडली, शेळी शेजाऱ्यांच्या तुरीत शिरली, की जे हाताशी असेल ते पाठीत बसायचं. फुंकणी, उलथनं, ओल्या लुगड्याचा पिळा. वडील दादाला मारायचे, तो त्यांच्याहून उंच होईपर्यंत. मग ते शेतातल्या आखाड्यावर, तिथल्या खोपटातच राहायला गेले आणि दादानं लग्न झाल्यावर वहिनीवर हात टाकायला सुरुवात केली. मी सगळ्यांत धाकटी. मला मारायला खाली कुणी उरलेलंच नव्हतं. हे रडगाणं म्हणून सांगत नाही. पुढं माझ्या हातून जे झालं ते यातूनच झालं, म्हणून सांगते.

रेणापूर तालुक्यात आमचं गाव. अंगणाच्या कडेला पत्र्याचा गोठा आणि त्यात एकच गाय. शेत वडिलांच्या नावावर, मोटरसायकल दादाची, पण गाय आईची. देगलूरच्या बाजारातून तिनं स्वतः निवडून आणलेली लाल कंधारी, अंगानं बुटकी, कपाळ रुंद, शिंगं आत वळलेली. दुधाची किटली सकाळी आईच डेअरीवर न्यायची. एरवी आईला गावात कुणाची तरी सून, कुणाची तरी बायको म्हणूनच ओळखायचे. किटली हातात असली की बायका तिला थांबवून गाईची चौकशी करायच्या, तेव्हा आईचा चेहरा वेगळाच दिसायचा. मला ती गाय आवडत नसे. आईनं आम्हाला कधी कुरवाळलेलं मला आठवत नाही, पण त्या गाईची गळ्याखालची पोळी ती बोटांनी खाजवत बसायची.

गाय मात्र आईलाही जुमानत नव्हती. एकदा तिनं आईची बरगडी मोडली होती. दादाच्या मांडीवर तिच्या शिंगाचा व्रण आहे. माझ्या पायावर तर ती ठरवून पाय द्यायची.

मग वहिनी आली. देगलूरच्याही पुढं, तेलंगणाच्या शिवेवरच्या एका खेड्यातली. मराठी बोलता बोलता मध्येच तेलुगू शब्द टाकायची आणि आई तिची नक्कल करून शेजारणींना हसवायची. पहिल्याच आठवड्यात वहिनी गोठ्यात गेली, गाईनं मान हलवली, आणि वहिनी हळूच म्हणाली, “आगु, आगु.” तिच्या भाषेत थांब, थांब. गाय थांबली. तिच्या कानांवर लहानपणी हेच शब्द पडले असणार. “दोघी एकाच मुलखाच्या,” आई म्हणाली. त्या दिवसापासून गोठ्याचं सगळं काम वहिनीच्या अंगावर पडलं. किटली मात्र आईच्याच हातात राहिली.

त्या वर्षी मी बारावीला होते. गाय दुसऱ्यांदा गाभण होती, आठवा महिना चालू होता आणि दूध आटवलेलं होतं. या वेताच्या दुधावर मला लातूरला नर्सिंगला घालायचं, असं आईनं ठरवलं होतं. नुसतं ठरवलं नव्हतं, गावभर सांगितलंही होतं. कालवड झाली तर ठेवायची, गोऱ्हा झाला तर विकायचा, हेही ठरलेलं.

आमच्याकडं बाई महिन्याचे तीन दिवस बाजूला बसायची. ओसरीच्या कोपऱ्यात एक पोतं, एक ताट, एक तांब्या. तिला कुणी शिवायचं नाही, तिनं कशाला शिवायचं नाही. आणि गाय गाभण असली तर गोठ्याकडं फिरकायचंसुद्धा नाही. विटाळशी बाईची सावली पडली तरी गाय गाभडते, वासरू दिवस भरायच्या आधीच पडतं, असं आई सांगायची. तिला तिच्या सासूनं सांगितलेलं. मी बारावीला जीवशास्त्र घेतलं होतं. माझा या गोष्टीवर काडीचाही विश्वास नव्हता. एवढं लक्षात असू द्या.

वहिनी बाजूला बसली की गोठा माझ्या गळ्यात पडायचा. त्या वेळीही पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी कॉलेजात चाचणी होती. आई पहाटेच उठून खुरपणीला गेली होती, दादा झोपलेला. मी युनिफॉर्म घालूनच शेण काढायला गेले, एवढा उशीर झाला होता. गाईनं मान हलवली. मी दुर्लक्ष केलं. तिनं मला कपाळानं ढकलत गव्हाणीपर्यंत नेलं आणि तिथं दाबून धरलं. शिंग कमरेत रुतलं. सुटायला गेले तर पायावर खूर दिला. मी शेणात बसले, पांढरी सलवार घातलेली.

ओसरीवरून वहिनीचा आवाज आला, “ताई, आगु म्हना. थांबती ती.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही बाई तिकडं पोत्यावर आरामात बसलेली, केस सोडून, आणि मला शिकवून राहिली. भिंतीला फावड्याचा मोडका दांडा टेकवलेला होता. तो घेतला आणि गाईच्या पाठीत घातला. मग नाकाडावर. ती फिरली तशी पोटावर. पोटावर मारताना मी थांबले नाही, पाच-सहा वेळा मारलं. आई आम्हाला मारायची तसंच, दात आवळून, एक शब्द न बोलता. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्याहून खाली कुणीतरी होतं. गाय हंबरलीसुद्धा नाही. तिचे मागचे पाय वाकले आणि पुन्हा सरळ झाले.

“ताई, काय झालं?” वहिनीनं ओसरीवरून विचारलं. गोठ्याला चारी बाजूंनी डोक्याएवढा उंच पत्रा, तिला आतलं दिसत नव्हतं.

“काय न्हाई. घमेलं पडलं,” मी म्हणाले.

सलवार बदलून मी कॉलेजात गेले. चाचणीत पेपर बरा गेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी ओसरीत पुस्तक घेऊन बसले होते. आई बाजारला गेली होती. गाय हंबरायला लागली. नेहमीचं हंबरणं नव्हतं ते. वहिनी पोत्यावरून उठून उभी राहिली. “ताई, बघा जरा गाईला,” ती म्हणाली. मी पुस्तकातून मान वर काढली नाही. मला माहीत होतं काय होत असेल ते, आणि ते बघायची माझी छाती नव्हती. “ताई, जा की,” ती पुन्हा म्हणाली. मी म्हणाले, “मारती ती मला.” वहिनी अंगणात येरझाऱ्या घालत राहिली, दोनदा गोठ्याच्या दारापर्यंत जाऊन परत आली. गाय पडल्याचा आवाज आला तशी ती आत शिरली.

आई आली तेव्हा वहिनी गोठ्यात मांडी घालून बसली होती. हात कोपरापर्यंत रक्तानं भरलेले. वासरू अडकलेलं तिनं ओढून काढलं होतं, नाहीतर गायही गेली असती. समोर जमिनीवर ते पडलेलं, लाल, ओलं, केस नीट न आलेलं. कालवड होती.

आईनं हातातली पिशवी खाली टाकली. वांगी अंगणभर घरंगळली. खुंट्याचं दावं सोडून तिनं दुहेरी केलं आणि वहिनीला मारायला सुरुवात केली. पाठ, दंड, मान, जिथं बसेल तिथं. वहिनी हात वर करून म्हणत होती, “आत्याबाई, आत्ताच आले मी. वरडत होती ती. एकदम पडली.” दाव्याच्या टोकाला लोखंडी कडी होती. ती वहिनीच्या भुवईवर बसली आणि चामडी फाटली. वासराच्या रक्तात वहिनीचं रक्त पडायला लागलं तेव्हा आई थांबली. थांबली ती दम लागला म्हणून.

मग माझ्याकडं वळली. “तू घरी व्हतीस. आजच्या आधी गोठ्यात कोण गेलं व्हतं? ही गेल्ती का?”

एवढं सोपं होतं. न्हाई म्हणायचं. बाकीचं सांगितलंही नसतं तरी चाललं असतं, नुसतं न्हाई म्हटलं असतं तरी. पण आईच्या हातात दावं होतं आणि मला ते दिसत होतं.

“हाव,” मी म्हणाले. “काल बी गेल्त्या.”

वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, हेच मला आजही खुपतं. आपण खरंच गेलो होतो का, हे ती आठवून पाहत होती. मग हळूच म्हणाली, “आत न्हाई गेले. काल गाय भुकेली वाटली म्हनून पत्र्यावरून कडब्याची एक पेंडी टाकली व्हती.” तिनं स्वतःच्या तोंडानं हे सांगितलं आणि आईला आणखी काही लागलं नाही. पेंडीला शिवली, पेंडी गाईनं खाल्ली. पुन्हा मारायला सुरुवात झाली. दादा आला तेव्हा काय झालं हे न विचारताच त्यानंही दोन कानाखाली दिल्या. संध्याकाळच्या एसटीनं वहिनीला माहेरी धाडलं, भुवईत हळद भरून आणि वर फडकं बांधून.

सगळे माझ्यासाठी हळहळले. पोरीचं शिक्षण गेलं बिचारीचं, सुनेनं घात केला, असं बायका आईला म्हणायच्या आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवायच्या. मी मान खाली घालून तो हात फिरवून घ्यायची. मूग गिळून बसणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. सुरुवातीचे दोन-चार दिवसच जड जातं, नंतर सवय होते.

वहिनीला परत आणलं ते कुणाला दया आली म्हणून नव्हे. गाय कुणाला जवळ येऊ देईना. कासेत जे थोडंफार दूध उतरलं होतं ते काढायला आई बसली तर गाईनं लाथ घालून तिचं मनगट मोडलं. दादाला दोनदा आडवा केला. मी दारातूनच परत यायचे, कारण मी दिसले की ती थरथरायची. दीड महिना गेल्यावर आई दादाला म्हणाली, “जा, घेऊन ये तिला. गाईपुरतं.” वहिनी आली, पिशवी ओसरीत ठेवून सरळ गोठ्यात गेली. “आगु,” म्हणाली. गाय थांबली.

बारावीनंतर एक वर्ष घरी बसून, गाईच्या पुढच्या वेताच्या दुधावर मी लातूरला गेलेच. तिथंच एका दवाखान्यात नर्स झाले, तिथंच संसार केला. महिन्यातून एखादी बाई अशी येते की भुवई फाटलेली, ओठ फाटलेला. विचारलं की म्हणते, जिन्यावरून पडले, घमेलं लागलं. घमेलं म्हटलं की माझ्या हातातला कापूस थांबतो. मी जखम पुसते, पट्टी बांधते आणि पुढच्या बाईला बोलावते. एकदा ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरांना सहज म्हणून विचारलं, गाय गाभडते कशानं? ते म्हणाले, पुष्कळ कारणं असतात, संसर्ग असतो, चाऱ्यातून काही जातं, पोटाला मार बसतो. मी पहिली दोन घट्ट धरून ठेवली. तिसरं ऐकलंच नाही असं स्वतःला सांगत राहिले. आणि वहिनीबद्दल मी अशी समजूत करून घेतली होती की तिला ठाऊक आहे. मी खोटं बोलले हे तिला तेव्हाच कळलं असणार, तिनं ते गिळलं असणार, आता त्याला काय उकरायचं. या समजुतीवर पंधरा वर्षं काढली.

गेल्या दिवाळीनंतर चार दिवस गावी गेले होते. आई आता ओसरीतल्या बाजेवर असते. ऐकू येत नाही, आठवणही विरत चालली आहे. ती जुनी गाय कधीच गेली, पण पुढं तिला झालेल्या एका कालवडीचा वंश गोठ्यात आहे, तीन गाई, तिन्ही लाल. आता वहिनीच्या नावानं दूध जातं, तिच्याच हातात किटली असते. तिच्या उजव्या भुवईत मधोमध केस उगवत नाहीत. वहिनी परत आल्यावर वर्षाच्या आत झालेली तिची लेक आता चौदा वर्षांची आहे. मी गेले तेव्हा ती कोपऱ्यात पोत्यावर बसली होती. ते पोतं पाहून मला कसंतरीच झालं, पण मी काही बोलले नाही. पाहुणी म्हणून आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेत होते. पोरगी उठली, गोठ्यात गेली आणि गाईपुढं बादली ठेवून बाहेर आली. एवढंच. वहिनी शेणाचं घमेलं घेऊन परसातून येत होती. तिनं घमेलं खाली आपटलं, खुंट्याचं दावं ओढलं आणि पोरीच्या पाठीवर मारलं. पुन्हा मारलं. पोरगी खाली बसली, हात डोक्यावर घेऊन.

“सांगितलं न्हाई का तुला? गाभन हाय ती. कामून गेलीस आत?”

“तहानली व्हती, मम्मी.”

“तहानू दे. माझ्या हातून एक गेलं, बास झालं.”

मी मध्ये पडले. दावं धरलं. वहिनी धापा टाकत होती, डोळे भरून आलेले. म्हणाली, “ताई, तुमाला म्हनून सांगते. अजून ते लाल वासरू दिसतं मला. एक पेंडी टाकली म्या पत्र्यावरून. एका पेंडीपायी जीव गेला त्याचा. तुमचं शिक्षन बी वरीसभर लांबलं.”

तिला ठाऊक नव्हतं. पंधरा वर्षं ती माझं पाप स्वतःचं म्हणून वागवत होती, आणि आता तेच लेकीच्या पाठीवर उमटलं होतं.

“वैनी,” मी म्हणाले, “तुमच्यामुळं गेलं न्हाई ते. म्या मारलं व्हतं गाईला. आदल्या दिवशी. फावड्याच्या दांड्यानं.”

तिनं दावं सोडलं. “घमेलं पडलं म्हनला व्हता तुमी.”

“खोटं बोलले.”

“कुठं मारलं?”

मी माझ्याच पोटावर हात ठेवून दाखवलं.

“कितींदा?”

“पाच-सहा.”

तिनं माझ्या तोंडावर मारलं. शेणानं भरलेल्या हातानं, पूर्ण ताकदीनं. माझा ओठ दातात सापडून फुटला. मला वाटलं ती अजून मारेल, मारावं असंच वाटत होतं, म्हणजे हिशेब मिटला असता आणि मी दुपारच्या गाडीनं लातूरला गेले असते. पण ती थांबली. बाजेकडं बोट करून म्हणाली, “तिला सांग.” लग्न होऊन आल्यापासून ती मला कधी अरेतुरे बोलली नव्हती.

“तिला ऐकू येत न्हाई.”

“वरडून सांग.”

मी आईच्या कानाशी वाकले. हळू सांगून भागेना. मला ओरडावं लागलं. आई, गाय वैनीमुळं गाभडली न्हाई. गाईला म्या मारलं व्हतं. वैनी आत गेल्या नव्हत्या, म्या खोटं बोलले. तीन वेळा सांगितलं. समोरच्या घरातली म्हातारी दारात आली. वाटेनं जाणाऱ्या दोघी डोक्यावरचे भारे तसेच धरून थांबल्या. गल्लीतल्या ज्या हातांनी मला कुरवाळलं होतं, त्यातले दोन-तीन तिथंच होते. माझ्या ओठातून रक्त येत होतं, गालाला शेण होतं.

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडं बघत म्हणाली, “कोनती गाय?”

वहिनी पुढं झाली. आईचा वाळलेला हात तिनं उचलला आणि स्वतःच्या भुवईवर ठेवला, केस उगवत नाहीत तिथं. आईची बोटं तिथं थोडी फिरली आणि थांबली. आईनं हात मागं घेतला आणि भिंतीकडं तोंड केलं. तिला आठवलं की नाही, मला सांगता येणार नाही.

वहिनीनं अंगणातलं घमेलं पायानं माझ्यापुढं सरकवलं. “तीन दिवस,” म्हणाली. “शेन तू काढ.”

मग तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि ओसरीत कोपऱ्यातल्या पोत्यावर लेकीला खेटून बसली. पोरगी घाबरून अंग चोरायला लागली. “मम्मी, शिवलीस ना तू मला,” म्हणाली. वहिनीनं तिला मानेला धरून जवळ ओढलं, तिच्या पाठीवरचे वळ पाहिले आणि त्यांवर हात ठेवून बसून राहिली.

मी घमेलं उचललं आणि गोठ्यात गेले. गाभण गाईनं मान हलवली. मी दारातच थांबले आणि म्हणाले, “आगु.”